पाठीतले कागद

३१ ऑगस्ट, रविवार

आज खालच्या बाइंडिंगच्या खोलीचं कुलूप काढलं. काढलं म्हणजे तोडलंच. किल्ली कुठे आहे ते अप्पांना आठवेना, आणि आठवत असती तरी द्यायची इच्छा दिसली नाही. नऊ वर्षं बंद होती खोली. आत खळीचा आंबूस वास अजून तसाच. मोठं दाबयंत्र गंजलंय, पण फिरतं. टोचे, घड्या घालायच्या हाडाच्या पट्ट्या, मेणाचा गोळा सगळं जिथल्या तिथे. जणू अप्पा चहा प्यायला वर गेलेत आणि येतीलच एवढ्यात.

अप्पा आता कुठले येतात. फेब्रुवारीत पडल्यापासून खुर्चीतून बाथरूमपर्यंत, तेही माझा हात धरून. बाकी दिवसभर वरच्या खिडकीशी बसलेले. डोकं कधी ठिकाणावर असतं, कधी नसतं.

मी प्रेसमध्ये सव्वीस वर्षं प्रुफं तपासली. प्रेस बंद झाली आणि एक्कावन्नाव्या वर्षी वडिलांच्या घरी परत आले. चुका शोधायची सवय लागलेली बाई घरात नुसती बसली की माणसांमध्ये चुका शोधायला लागते. म्हणून ठरवलंय: दर बुधवारी तीन ते सहा, जो येईल त्याला पुस्तक बांधायला शिकवायचं, रद्दीचा हातकागद करायचा, लिनोच्या मऊ तुकड्यांवर चित्रं कोरून ठसे काढायचे. मला स्वतःला बांधणी तेवढी नीट येते, लहानपणापासून अप्पांचे हात बघून. बाकीचं आपलं जमेल तसं.

आत्याला फोन करून सांगितलं. तिने आधी अप्पांची तब्येत विचारली. मग म्हणाली, "ठके, ती खोली कशाला उघडलीस? धूळ असेल नुसती."

मला या वयात ठकी म्हणणारी जगात एवढी एकच उरली आहे.

३ सप्टेंबर, बुधवार

दहाजण येतो म्हणाले होते, चारजण आले. नर्सबाई, ज्यांनी अप्पांच्या पायाला पंधरा दिवस मलमपट्टी केली आणि मग येतच राहिल्या. बसवाले काका, चौतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. हात एवढे मोठे की सुई त्यात दिसेनाशी होते. कॉलेजातली एक चष्मेवाली मुलगी. आणि शाळेचे ग्रंथपाल सर, ज्यांनी दोन खोकी भरून फाटकी पुस्तकं आणली. "यांच्यावर शिका. बिघडली तरी विचारणारं कोणी नाही."

सगळी अप्पांनीच बांधलेली निघाली. शाळेचं आणि सार्वजनिक वाचनालयाचं बांधणीचं काम वर्षानुवर्षं अप्पांकडेच असायचं. शाळाही माझीच. त्यातली निम्मी पुस्तकं मी वाचलेली, काहींवर माझ्या तेलकट बोटांचे ठसेसुद्धा असतील.

सहाला सगळे गेले. वर गेले तर अप्पा खिडकीतून खाली बघत बसलेले.

"गेली का?"

"गेले सगळे."

"ती गेली का?"

"सगळेच गेले, अप्पा."

पडदा ओढून घ्यायला लावला. उजेड होता अजून चांगला.

१० सप्टेंबर, बुधवार

मजा झाली आज. जुन्या पुस्तकाची पाठ उकलायला शिकवत होते. पाठीवरचं कापड सोललं की आत कागदाची पट्टी लागते. प्रत्येक बाइंडर पाठीला बळकटी यावी म्हणून ती चिकटवतो, आणि त्यासाठी नवा कागद कोणी वापरत नाही. जुनी कॅलेंडरं, वाया गेलेले छापील फर्मे, हाताला लागेल ते. आमच्या प्रेसमध्येही असंच असायचं.

चष्मेवालीच्या पुस्तकात मात्र हाताने लिहिलेली पट्टी निघाली. निळी-काळी शाई, डावीकडे कललेलं बायकी अक्षर. दोन बोटं रुंद पट्टीत ओळी येतील तेवढ्याच:

"…निळा फ्रॉक होता आज. बाहीला ठिगळ लावलंय. टाके मोठे आहेत, आत्याचा हात दिसतो. तिला सांग की आतून…"

चष्मेवाली म्हणाली, "कोणीतरी कोणालातरी लिहिलेलं पत्र आहे, मॅडम!"

मी म्हटलं, "रद्दीत आलं असेल. घराघरात आत्या असतात आणि त्या सगळ्या मोठे टाके घालतात." सगळे हसले.

वर अप्पांना सांगितलं, तर म्हणाले, "पाठी उकलू नकोस." मी म्हटलं, उकलल्याशिवाय दुरुस्त कशी करणार? "वरून कापड लाव. आतलं आत राहू दे." धंद्यातला सल्ला म्हणून चुकीचा नाही, पण पूर्वी स्वतःच मला शिकवायचे की जुनी खळ पूर्ण काढावी, नाहीतर किडे लागतात.

१७ सप्टेंबर, बुधवार

आणखी पाच पट्ट्या. वेगवेगळ्या पुस्तकांत, पण अक्षर तेच. आता सगळ्यांना नादच लागलाय. दुरुस्ती राहते बाजूला आणि जो तो पाठ सोलतोय. ओल्या फडक्याने खळ मऊ करायची, मग हाडाच्या पट्टीने अलगद उचलायचं. पट्ट्या काचेवर वाळत घातल्या.

नर्सबाईंना मिळालेली त्यांनी मोठ्याने वाचली: "…भुवई शिवली तेव्हा तू रडली नाहीस, मीच रडले. डॉक्टर म्हणाले, आई बाहेर बसा. अप्पांनी सांगितलं असेल शिडीवरून पडलीस म्हणून, पण…"

वाचून झाल्यावर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मला वाटलं कपाळाला खळ लागलीय. बाहीने पुसलं.

"ती खूण कशाची तुमच्या भुवईला?" त्यांनी विचारलं.

"लहानपणची. शिडीवरून पडले होते म्हणे."

चष्मेवालीने हातातलं पुस्तक खाली ठेवलं. बसवाले काका लिनोवरचा भुसा फुंकत होते, तेही थांबले. मग ग्रंथपाल सरांनी उगाचच चहाचं विचारलं. नर्सांना अशा खुणा दिसतातच, त्यांचा धंदाच तो. पण सगळ्यांनी असं गप्प का व्हावं ते कळलं नाही.

शेवटची पट्टी मी उचलली. तिच्यावर तीनच वाक्यं होती, नीट पूर्ण, जणू त्या पट्टीसाठीच लिहिलेली:

"आज बुधवार. मी समोर आहे. वर बघू नकोस."

चष्मेवाली म्हणाली, "अगं बाई." आणि चौघंही खिडकीतून बाहेर बघायला लागले. मीही बघितलं. समोर बंद दुकानाचं शटर, त्याची पायरी, पायरीवर कुत्रंसुद्धा नाही.

"असू दे," बसवाले काका हळूच म्हणाले. "वाट बघत असेल कोणाची तरी. आपण काम करू."

मी म्हटलं, "वाट बघून बघून आता म्हातारी झाली असेल, जिवंत असली तर."

१८ सप्टेंबर, गुरुवार

रात्रभर नीट झोप नाही. उगाच. कोणाच्यातरी खाजगी पत्रांमध्ये आपण नाक खुपसतोय असं वाटतं. अप्पांना कुठून मिळाली असतील? विचारलं तर म्हणाले, "कसली पत्रं?" आणि डोळे मिटून घेतले. झोपले नव्हते. झोपले की त्यांचं तोंड उघडं राहतं.

२४ सप्टेंबर, बुधवार

आज कागदाचा दिवस. भिजवलेल्या रद्दीचा लगदा टबात घोटला, जाळीच्या चौकटीने पानं उचलली, फडक्यावर उलटी केली. पहिलंच पान अख्खं उतरलं तेव्हा चष्मेवालीने टाळ्या वाजवल्या.

मग लक्षात आलं की काचेवरच्या पट्ट्यांमधल्या दोन दिसत नाहीत. वाऱ्याने उडून रद्दीत पडल्या असणार आणि लगद्यात गेल्या. मला एवढं वाईट वाटलं की मीच चकित झाले. डोळ्यांत पाणी आलं, ते टबाच्या वाफेवर ढकललं. टबात गार पाणी होतं.

संध्याकाळी पानं वाळली. करडी, निळसर ठिपक्यांची. एका पानाच्या मधोमध एकच शब्द न फाटता, न पसरता तसाच्या तसा बसलाय: "अजून".

आपोआप कसा राहील? शाई पाण्यात विरघळते. घोटून घोटून हात दुखले होते आमचे.

अप्पा: "गेली का?" मी आता नुसतं हो म्हणते.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

बसवाले काका लिनोवर काय कोरतायत ते दाखवत नव्हते. आज वाट वाकडी करून ठसा काढायला आले, घरी रोलर नाही म्हणून. आमच्या खिडकीतून दिसणारा रस्ता कोरलाय. विजेचा खांब, गॅरेजची पाटी, समोरचं शटर, पायरी, सगळं अचूक. माणसाने आयुष्यभर रस्ताच बघितलाय, चुकणार कसा.

पायरीवर एक बाई उभी. हातात पिशवी. तोंड वर, आमच्याकडे.

"ही कोण?" मी विचारलं.

"कोण म्हणजे?" काका गोंधळले. "ती असते ना बुधवारी. तुम्हाला माहीत असेल असं वाटलं. तीनला आम्ही येतो तेव्हाही असते, जाताना असते. मी एकदा विचारलं, कुठली बस हवी? तर मान हलवली फक्त."

"मी कधी नाही बघितली."

"कसं शक्य आहे? मागल्या बुधवारी तुम्ही सरळ तिच्याकडेच बघत होतात."

मी हसून नेलं. काका गेल्यावर तासभर खिडकीत उभी राहिले. रस्ता, खांब, शटर. आज शुक्रवार आहे हे नंतर आठवलं.

१ ऑक्टोबर, बुधवार

लिहायचं तर नीट लिहिते, जसं झालं तसं.

सगळे आल्याबरोबर मी विचारलं, समोर कोणी आहे का? सर म्हणाले, आहे. चष्मेवाली म्हणाली, आहे, तीच. नर्सबाईंनी मान डोलावली. मी काचेला नाक लावलं. पायरी रिकामी होती. मी म्हटलं, माझी थट्टा चालवली असेल तर पुरे झाली. चष्मेवालीचे ओठ थरथरायला लागले. थट्टा करणारं माणूस असं करत नाही.

मग मी काहीतरी करायचं म्हणून एक पुस्तक ओढलं. तिसरीत असताना मी ते एवढ्या वेळा घरी नेलं होतं की बाईंनी मला त्या पुस्तकाचंच नाव ठेवलं होतं. पाठ सोलली. पट्टी निघाली. तिच्यावर लिहिलं होतं:

"ठके, तू आता वाचायला लागली असशील. हे पत्र तरी तुला…"

मी खाली बसले. म्हणजे स्टूल नव्हतं तिथे, जमिनीवरच. नर्सबाईंनी नाडी धरली, पाणी दिलं.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"भुवईपासून," त्या म्हणाल्या. "पण आम्ही कोण सांगणारे? तुमचं तुम्हालाच कळायला हवं."

मला नेहमी हेच सांगितलेलं: मी साडेचार वर्षांची असताना आई तापाने गेली. फोटो नाही, कारण तेव्हा कोण फोटो काढतं. त्याच वर्षी आम्ही या घरी राहायला आलो, त्यामुळे शेजारीपाजारी तिला ओळखणारं कोणी नव्हतं. मेलेली बाई माझ्या फ्रॉकचा रंग लिहिते. मेलेली बाई म्हणते मी वाचायला लागले असेन.

आणि मी वाचत होते. दहा वर्षं ती पुस्तकं हातात धरून वाचत होते. पाठ तळहातावर टेकवून, सगळे धरतात तशीच. एका कापडाचं अंतर.

दुसऱ्याच्या पानावरचा सुटलेला अनुस्वार मला हातभर अंतरावरून दिसतो. आणि हे दिसलं नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

आत्याकडे गेले. चार दिवसांत दोन्ही खोकी उकलून काढली होती; सगळ्या पट्ट्या पुठ्ठ्यात घालून नेल्या, एकूण एकतीस. टेबलावर मांडल्या. तिने चष्मा लावला नाही. लावायची गरज नव्हती.

"तुझ्यामागे एक भाऊ झाला होता," ती म्हणाली. "सात दिवस जगला. त्यानंतर ती बोलायची बंद झाली. जेवायची नाही, तुला जवळ घ्यायची नाही. दादाने इस्पितळात ठेवली. वेड्यांच्याच, दुसरं कुठलं? तू रोज विचारायचीस, आई कुठे, आई कुठे. शेवटी मीच म्हटलं दादाला, सांग गेली म्हणून. पोर एकदा रडेल आणि सुटेल."

"आणि मग?"

"मग ती बरी झाली." आत्याने हात कपाळावर मारून घेतला. "चौदा महिन्यांनी चांगली ठणठणीत होऊन दारात उभी. आता काय करणार, सांग? मेलेलं माणूस पोरीपुढे उभं कसं करायचं? दादा म्हणाला, थोडे दिवस थांब, हळूहळू सांगू. त्या थोड्या दिवसांची वर्षं झाली. ती भांडली नाही. भांडली तर परत आत टाकतील ही भीती असणार. बुधवारी सुट्टी असायची तिला, तेव्हा येऊन उभी राहायची. आणि पत्रं टाकायची. मी म्हटलं, जाळून टाक. जाळवेना त्याला. फेक म्हटलं, तर फेकवेना. म्हणून मग…"

"कापली."

"त्याच्या हातात कागद आला की तो काहीतरी करतोच, ठके."

मी म्हटलं, मला ठकी म्हणू नकोस. ही हाक तिची आहे. आत्या रडायला लागली. मला दया आली नाही. हे लिहून ठेवते, कारण नंतर येईल आणि मग वाटेल की तेव्हाही आली होती.

८ ऑक्टोबर, बुधवार

कार्यशाळा घेतली नाही. दारावर कागद लावला.

दुपारी अप्पांचं डोकं ठिकाणावर होतं. त्यांच्यापुढे खुर्ची ओढून बसले.

"अप्पा, आईची पत्रं का कापलीत?"

बराच वेळ बोटं गुडघ्यावर फिरवत राहिले, घडी घालताना फिरवायचे तशी. मग म्हणाले, "चांगला कागद होता. जाड. पाठीला टिकतो."

मी उठले. दारापर्यंत गेले तेव्हा मागून म्हणाले:

"जाळला असता तर राहिला असता का तुझ्यापर्यंत?"

हे त्यांनी खरंच तेव्हा मनात धरून केलं, की आता सुचलं? मला ठरवता येत नाही. त्यांनाही येत असेल असं वाटत नाही.

तीनपासून सहापर्यंत ते खिडकीतून हलले नाहीत. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. ते एका ठिकाणी बघत होते आणि मी त्याच ठिकाणी बघत होते. त्यांचे डोळे पाणावले. मला शटरवरच्या गंजाचे डाग पाठ झालेत. माझी आई, आणि ती दिसते कोणाला, तर बसवाल्यांना!

१४ ऑक्टोबर, मंगळवार

एका पट्टीवर अर्धा पत्ता होता: "…बायकांचं वसतिगृह, पुलापलीकडे, खोली सात. उत्तर नाही दिलंस तरी चाल…" बसवाले काका म्हणाले, पुलापलीकडे तसं एकच वसतिगृह आहे, मी रोज त्याच्या दारावरून गाडी नेत होतो. माझ्याबरोबर आले. पूर्ण वाटेत चुकूनही काही विचारलं नाही, फक्त नवीन ड्रायव्हर क्लच कसा जाळतोय त्यावर दोनदा हळहळले.

वसतिगृहाची व्यवस्थापक साठीची बाई. आईचं नाव सांगितल्याबरोबर ओळखलं. धोबीखान्यात इस्त्री करायची, तीस वर्षं. शांत. कोणाचं घेणं नाही, कोणाचं देणं नाही. "आणि अक्षर काय सुंदर! सगळ्यांचे अर्ज तीच लिहून द्यायची."

"आता कुठे असतात?"

बाई माझ्याकडे बघून थांबली. "तुम्ही कोण त्यांच्या?"

"मुलगी."

तिने उठून दार लोटलं. आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती. झोपेतच. सामान म्हणजे चार साड्या आणि पेन, ते ज्यांना हवं त्यांनी नेलं.

मग जरा कचरत म्हणाली, "एक सांगू का? दर बुधवारी ती कुठेतरी जायची. शेवटच्या वर्षी कंबरेतून गेली होती, खाटेवरून उतरता येत नव्हतं. तरी बुधवारी संध्याकाळी म्हणायची, जाऊन आले. आम्ही म्हणायचो, हो बाई, आलीस जाऊन. पण खाटेखाली तिच्या चपला असायच्या. मी स्वतः धुऊन ठेवायचे. गुरुवारी सकाळी बघावं, तर धुळीने भरलेल्या."

परतताना पुलावर बस थांबली होती. काका म्हणाले, "उद्या बुधवार."

मी म्हटलं, "माहीत आहे."

१५ ऑक्टोबर, बुधवार

तीनला सगळे आले. मी खळ कालवून ठेवली होती, पण कोणी पिशवी उघडली नाही.

"आहे?" मी विचारलं.

"आहे," नर्सबाई म्हणाल्या.

"कशी आहे?"

त्यांनी नीट बघून सांगितलं, पेशंटचं सांगतात तसं. "सत्तरीची असेल. अंगाने बारीक. पिशवी दोन्ही हातांनी धरलीय. थकलेली वाटते."

मी चप्पल घातली आणि रस्ता ओलांडला. दुपारचं लख्ख ऊन होतं. पायरीपाशी गेले तर काहीच नाही. शटर तापलेलं, त्याचा वास. मागे वळून बघितलं. आमच्या खिडकीत चार तोंडं. बसवाले काकांनी हात बाहेर काढला आणि बस मागे घेताना कंडक्टर दाखवतो तसा हलवायला लागले. या, या. डावीकडे. अजून थोडं. मग तळहात उभा धरला. बस्स.

मी थांबले. माझ्या उजव्या बाजूला, हाताच्या अंतरावर, हवा होती. दुसरं काही सांगता येणार नाही. गार नाही, वेगळी नाही, नुसती हवा. वाटलं होतं निदान अंगावर काटा येईल. तोही नाही. मूर्खासारखी उभी आहे असं वाटलं. मग वाटलं, तीही अशीच उभी असेल. तिलाही वाटलं असेल.

काय बोलणार? आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त केली, स्वतःचं एक जमेना. शेवटी म्हटलं, "पत्रं मिळाली."

आणि थोड्या वेळाने, "उशिरा मिळाली."

खिडकीत चष्मेवालीने चष्मा काढला आणि डोळे पुसले. तिने काय बघितलं ते मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

तेवढ्यात वरची खिडकी वाजली. अप्पांनी ती स्वतः उघडली होती. आठ महिन्यांत ज्यांना भांडं उचलता आलं नाही, त्यांनी दोन्ही झडपा लोटल्या होत्या आणि चौकटीला धरून उभे होते. एवढ्या मोठ्याने ओरडले की गॅरेजमधला माणूस बाहेर आला.

"अगं, उन्हात काय उभं केलंस तिला? आत घे! आत घे तिला!"

कोणाच्या मनात काय असतं देव जाणे. मी शेजारच्या हवेला म्हटलं, "चल."

रस्ता ओलांडताना मागे बघितलं नाही. हळू चालले, म्हातारं माणूस बरोबर असलं की चालतो तशी. समोरून एक सायकलवाला घंटी वाजवत आला. मला चुकवायला हातभर वळला असता तरी पुरलं असतं. तो रस्त्याच्या पार कडेला गेला आणि चांगला दोन माणसांना वळसा घालून पुढे निघाला.

आमच्या दाराला एक पायरी आहे. मी आधी चढले, दार पूर्ण उघडलं आणि धरून उभी राहिले. आत सगळे खिडकीपासून मागे सरले होते. ग्रंथपाल सरांनी टेबलाजवळची खुर्ची ओढून मोकळी केली. वर अप्पा धाप लागल्यासारखे श्वास घेत होते, तो जिन्यावरून ऐकू येत होता.

दार जड आहे, हात भरून आला. किती वेळ धरायचं ते मला कळेना. मी नर्सबाईंकडे बघितलं. त्या उंबऱ्याकडे बघत होत्या, मग हळूहळू त्यांची नजर खोलीत आली, टेबलापर्यंत गेली, खुर्चीवर थांबली.

"आता लावा," त्या म्हणाल्या.

मी दार लावलं.